वाऱ्याचा आडोसा

ओसवेर्त गावाच्या वेशीबाहेर नगरपालिकेने हिरवी पाटी लावली, त्या दिवसापासून आद्रियान कौपर्सच्या कपाळावरची आठी काही उतरली नव्हती. पाटीवर लिहिलं होतं : 'तटबंदी आणि नदीकाठ. सोपा सायकलमार्ग. सर्व वयाच्या लोकांसाठी.' आणि खाली सायकलवर बसलेल्या एका हसऱ्या बेडकाचं चित्र. ज्या तटासमोर चारशे वर्षांपूर्वी वेढा घालून बसलेली स्पॅनिश फौज चिखलात कुजली आणि हात हलवत परत गेली, त्या तटाला सोपं म्हणायचं आणि वर बेडूक काढायचा, ही त्याच्या मते गावाने आपली अब्रू आपणच वेशीला टांगण्याची गोष्ट होती. हे मत त्याने पालिकेला कळवलं, शेजाऱ्यांना कळवलं, पावाच्या दुकानात रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांना कळवलं. पालिकेने बेडकाच्या शेजारी एक बाक बसवलं.

आद्रियान शाळेत व्यायाम शिकवायचा. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, गळ्यातली शिट्टी गेली होती, पण आवाजातली गेली नव्हती. सगळं जग अजून त्याच्यासमोर रांगेत उभं होतं आणि रांग कायम वाकडी होती. डोक्यावर शिरस्त्राण घालून येणारे जर्मन पाहुणे भित्रे होते. अंगाला चिकटणारे रंगीत कपडे घालून सुसाट जाणारे पन्नाशीचे पुरुष हास्यास्पद होते. नवरा-बायको एकाच रंगाचं जाकीट घालून फिरतात ते तर त्याला माणसंच वाटत नसत. आणि या सगळ्यांच्या तळाशी, अगदी गाळात, बॅटरीच्या सायकलीवर बसणारे लोक होते. त्या सायकलीला तो 'लाजेकाजेस्तव पायडल लावलेली स्कूटर' म्हणायचा.

आणि गेल्या महिन्यात तीच स्कूटर त्याच्या स्वतःच्या पडवीत येऊन उभी राहिली. नेलेकेने आणली. त्याची बायको.

"कंबर दुखते माझी, आद्रियान," ती म्हणाली.

"कंबर दुखते म्हणूनच सायकल चालवायची असते, नेल. चालवायची. वर बसून मिरवायचं नसतं."

"मग तूच जा माझ्या कंबरेत बसून आणि चालव."

"आळस आहे हा. दुसरं काही नाही."

"आळस तर आळस. दुखत नाही ना पण."

एवढ्यावर थांबलं असतं तर त्याने कसंबसं गिळलं असतं. पण बॅटरीवाल्यांची एक टोळी होती, दर मंगळवारी निघणारी, आणि नेलेके त्यांच्यात जाऊ लागली. जाते तर जाते, वर घरी येऊन हसतही असायची. आता ती मंडळी वसंतात नदीच्या काठाकाठाने थेट समुद्रापर्यंत जाणार होती आणि तिनेही नाव दिलं होतं. तेव्हा आद्रियानने जेवणाच्या टेबलावर काटा खाली ठेवला आणि सांगून टाकलं, "त्यांच्याबरोबर जायचं असेल तर खुशाल जा. पण मग रविवारी माझ्यामागे यायचं नाही. मी खेळणी घेऊन फिरत नसतो."

नेलेकेने बटाटा सोलून संपवला. मग म्हणाली, "या रविवारी येते. कॉफीच्या वेळी सांगते काय ते."

रविवारची फेरी ही त्यांची लग्नाआधीपासूनची. नदीकडच्या वेशीतून निघायचं, खंदकावरचा लाकडी पूल ओलांडायचा, बुरुजांना वळसा घालून मास नदीच्या बांधावर चढायचं. मग पाठीवर वारा घेत पूर्वेकडे, वरच्या अंगाला, माणसं-सायकली पलीकडे नेणाऱ्या छोट्या तरीपर्यंत. तरीने पलीकडे जायचं आणि पलीकडच्या बांधावरून परत पश्चिमेला, समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर, जुन्या पवनचक्कीपाशी कॉफी घ्यायची आणि मोठ्या पुलावरून गावात यायचं. पाऊस असो, थंडी असो, पाहुणे असोत. आणि परतीच्या वाटेवर आद्रियान पुढे, नेलेके मागे, त्याच्या पाठीच्या आडोशाला. बायकोला वाऱ्यात ठेवायचं नाही, हे त्याच्या बापाने त्याला शिकवलं होतं आणि त्याने ते कधी मोडलं नव्हतं. त्या बाबतीत तो खरोखरच प्रामाणिक होता, हे कबूल करायला हवं. छाती काढून, मान ताठ ठेवून तो वारा फोडत जायचा आणि मोठमोठ्याने बोलत जायचा. पालिका, धक्के, शिरस्त्राणं, स्पॅनिश वेढा, हल्लीची पोरं. वारा त्याचं बोलणं नेमकं मागे नेलेकेच्या कानात नेऊन टाकायचा. ती जे काही बोलायची ते मात्र तिच्याही मागे गावोगाव उडून जायचं. त्याला काहीच ऐकू यायचं नाही. तो समजायचा, बायकोला पटलंय.

म्हणून त्या रविवारी आद्रियान पहाटेपासून साखळीला तेल घालत होता. त्याला धाक वाटत होता आणि धाक वाटतोय याचाच राग येत होता. मागे नेलेके नसली तर वाऱ्यावर तुटून पडणारा तो कोण उरणार होता? एक म्हातारा, वारा लागलेला. हे काही तो स्वतःशीही बोलला नाही. त्याने एवढंच ठरवलं, की आज तिला दाखवायचं. बॅटरी असो नसो, आडोसा लागतोच. आडोसा म्हणजे मी.

वेशीतून निघाले तेव्हा हिरव्या पाटीपाशी एक कुटुंब पोरांचे फोटो काढत होतं.

"बघ," आद्रियान म्हणाला. "बेडकाबरोबर. अरे, मागे बुरूज आहे, बुरूज! त्याकडे पाठ."

"पोरांना बेडूक आवडतो."

"पोरांना चिखलसुद्धा आवडतो. म्हणून काय ताटात वाढायचा?"

"तू आजही सुरू झालास," नेलेके म्हणाली, आणि एक बटण दाबून त्याच्या शेजारून सायकल चालवू लागली. तिच्या सायकलीतून मांजर झोपेत घुरघुरतं तसा बारीक आवाज येत होता. आद्रियानने तो ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पूर्वेकडची वाट पाठवाऱ्याची. तिथे दोघं शेजारी शेजारी जात. बांधाच्या उतारावर मेंढ्या चरत होत्या, नदीतून वाळूची लांबलचक होडी चालली होती, तिच्या टपावर होडीवाल्याची मोटार आणि वाळत घातलेल्या चड्ड्या. समोरून एक जोडपं आलं, दोघांची जाकिटं पोपटी. आद्रियानने नेलेकेकडे अशा काही नजरेने पाहिलं की तिला हसू आलं, आणि तिला हसू आलेलं पाहून त्याला बरं वाटलं. एवढ्यासाठी तरी ती मंगळवारवाल्यांना सोडेल, असं क्षणभर त्याच्या मनात आलं. त्यांच्यात असं हसवणारं कोण आहे? सगळे गुडघ्यांवर बोलत असणार.

तरीच्या धक्क्यावर पितळी घंटा वाजवली की पलीकडचा तरीवाला येतो. तो आला, फळी टाकली. नेलेकेची सायकल जड, फळीवर चढेना.

"जरा हात लाव रे," ती म्हणाली.

"यंत्र आहे ना ते? चढेल आपलं आपण."

तरीवाल्याने एकदा आद्रियानकडे पाहिलं, मुकाट्याने पुढे झाला आणि सायकल ओढून घेतली. नेलेकेने त्याचे आभार मानले. नदी ओलांडेपर्यंत ती पाण्याकडे पाहत राहिली आणि आद्रियान तरीवाल्याच्या दोर बांधण्याच्या पद्धतीला मनातल्या मनात नावं ठेवत राहिला.

पलीकडे उतरले आणि वारा आला. अंगावर येणारा, ओला, समुद्राकडचा. बांधावरचं गवत झोपलं होतं. आद्रियानने टोपी घट्ट केली, पुढे झाला, हात मागे करून बोटाने खूण केली : माझ्यामागे. जशी तो नेहमी करायचा.

सुरुवातीला झकास गेलं. तो बोलत होता. नव्या बाकांवर बोलला. बाक हवंच कशाला? बसायचं होतं तर घरी बसायचं. सायकलवाटांचे आकडे लिहिलेल्या फाट्याफाट्यावरच्या खांबांवर बोलला. हल्ली लोकांना नदीसुद्धा आकडा लावल्याशिवाय सापडत नाही, म्हणे. मग बोलणं थोडं तुटक झालं. मग एकेक शब्द. मग नुसता श्वास. मांड्यांत आग पेटली होती आणि छातीत काहीतरी दार ठोठावत होतं. पवनचक्कीची पाती लांबवर दिसत होती आणि कितीही पायडल मारलं तरी ती जवळ येत नव्हती. आद्रियानने गिअर उतरवला. जन्मात त्याने या बांधावर गिअर उतरवला नव्हता. मागे त्या यंत्राची घुरघूर एका लयीत चालू होती आणि तिची त्याला इतकी चीड आली की ते सगळं ढकलून नदीत द्यावंसं वाटलं.

तेवढ्यात ती घुरघूर शेजारी आली. नेलेके त्याच्याकडे न बघता पुढे गेली आणि त्याच्या पुढच्या चाकासमोर येऊन स्थिर झाली.

"मागे हो!" तो ओरडला. "नेल! मागे हो म्हणतो!"

तिने ऐकलं नाही. ऐकू जाणंच शक्य नव्हतं. वारा त्याचे शब्द उचलून तरीकडे घेऊन गेला.

आणि मग त्याच्या लक्षात आलं, की वारा थांबलाय. थांबला नव्हता, दोन्ही बाजूंनी गवत तसंच झोपलं होतं, पण त्याच्या अंगाला लागत नव्हता. समोर नेलेकेची पाठ होती. निळं जाकीट, मानेवर आखूड कापलेले पांढरे केस. ती पाठ त्याने अशी कधी पाहिलीच नव्हती. पाय हलके झाले. शरम वाटायला हवी होती, ती वाटलीही, पण तिच्याआधी त्याला आराम वाटला, आणि ही गोष्ट त्याला फारच अपमानाची वाटली. इतकं सोपं असतं हे? मागे असं असतं?

मग त्याला आवाज आला. आधी वाटलं, ती फोनवर बोलतेय. पण तिचे दोन्ही हात दांडीवर होते.

"हं, काढ छाती," ती म्हणत होती. "काढ अजून. आता बाक. बाकांचं झालं का? झालं. आता खांब. हो रे बाबा, बरोबर आहे तुझं. सगळं जग मूर्ख, तू एकटा शहाणा. नाक पूस. नाही पुसायचं, वाऱ्यावरच सोडायचं, मागे मी आहेच."

आद्रियानने आजूबाजूला पाहिलं. कोणी नव्हतं. एक बगळा होता.

"आता वेढा," नेलेके म्हणाली. "स्पॅनिश आले, गावाने पाणी सोडलं, ते चिखलात बसले. बसले तर बसले. उठले असतील एव्हाना. तू कधी उठणार?"

तिचा आवाज चिडलेला नव्हता. हेच त्याला समजेना. स्वैपाक करता करता गुणगुणावं तशी ती बोलत होती, सवयीची, सरावाची, कुठे थांबायचं ते ठाऊक असलेली. तो पुढे नाहीये, मागे आहे, हे ती साफ विसरली होती. वारा तोंडावर आला की तिची जीभ आपोआप सुटत होती. म्हणजे दर रविवारी. आद्रियानच्या मानेवरचा घाम गार पडला. सगळ्या जगाचा तो पाणउतारा करत पुढे चालला होता, आणि हातभर मागे त्याचा पाणउतारा चालू होता, तितकाच नेमाने, आणि खरं सांगायचं तर त्याच्यापेक्षा चांगल्या भाषेत.

पॉपलरच्या झाडांपाशी बांध वळतो. तिथे ती गप्प झाली. पायडल मारायचीही थांबली, सायकल नुसती वाहत राहिली. आद्रियानला वाटलं, संपलं. मग ती हळू आवाजात म्हणाली, पण वाऱ्याने त्यातलं अक्षरही गाळलं नाही.

"इथे. इथे हाक मारली तुला. थांब म्हटलं. आद्रियान, थांब, काहीतरी होतंय. तू धरणाच्या नव्या दारांबद्दल सांगत होतास. लोखंड बरं की लाकूड बरं. मी सायकल टाकली आणि त्या झाडाला धरून बसले, आणि तुझी पाठ जाताना दिसत होती. किती लांबपर्यंत दिसते माणसाची पाठ या बांधावर. मग दुधाच्या गाडीवाल्याने आणलं मला. आणि तू दारात उभा. काय म्हणालास? 'पंक्चर झालं का?' हो. पंक्चर झालं."

तिने पुन्हा पायडल मारायला सुरुवात केली.

तिच्या पोटातच गेलेल्या त्या मुलाबद्दल आद्रियानला माहीत होतं. दवाखाना माहीत होता, डॉक्टर काय म्हणाले ते माहीत होतं. निसर्गाचा मामला, कोणाचा इलाज नाही. पुढे मूल झालंच नाही, त्यालाही त्याने निसर्गच म्हटलं होतं. तिने हाक मारली होती, हे त्याला माहीत नव्हतं. त्याला आठवत होतं ते एवढंच, की तिला यायला फार वेळ लागला होता आणि त्याच्या मनात आलं होतं, हिला दम म्हणून नाही.

"नेल," त्याने हाक मारली. मग जोराने. "नेलेके!"

पुढे तिला काही ऐकू गेलं नाही. तिची पाठ वाऱ्यात वाकून चालली होती. तो हाका मारत राहिला, आणि प्रत्येक हाक त्याच्या ओठांवरून सुटून मागे, पॉपलरच्या झाडांकडे जात राहिली.

पवनचक्कीपाशी ती उतरली, सायकलीला कुलूप लावलं, कोपऱ्यातलं टेबल धरलं. कॉफी आली, बरोबर बशीत नेहमीसारखं एकेक बिस्कीट. आद्रियान टोपी न काढता बसला. त्याचा चेहरा पाहून तिने कप खाली ठेवला.

"काय झालं? छातीत दुखतंय?"

"नाही."

"मग?"

"ऐकू येतं," तो म्हणाला. "मागे असलं की."

तिला कळायला थोडा वेळ लागला. मग तिचा हात तोंडाकडे गेला.

"अगंबाई," ती म्हणाली. "तू मागे होतास."

"हो."

"विसरलेच मी." ती बिस्किटाचा कोपरा मोडत बसली. "कुठपासून ऐकलंस?"

"बाकांपासून."

"आणि वळणावरचं?"

त्याने मानेनेच हो म्हटलं. शेजारच्या टेबलावर पोपटी जाकिटातलं जोडपं येऊन बसलं, आणि त्यांना नावं ठेवण्याची इच्छा आद्रियानला झाली नाही. होत कशी नाही, याचंच त्याला नवल वाटलं.

"मला कधी सांगितलं नाहीस," तो म्हणाला.

"दर रविवारी सांगत होते."

"घरी. घरी का नाही सांगितलंस?"

"घरी बोललं की तू उत्तर देतोस," नेलेके म्हणाली.

यावर त्याच्याकडे उत्तर होतं. दोन-तीन होती. ती सगळी जिभेवर येऊन रांगेत उभी राहिली आणि त्याने ती एकेक करून गिळली. त्यात कॉफी गार झाली.

"समुद्रापर्यंत जाणार आहेस?" त्याने शेवटी विचारलं.

"जाणार आहे. तिकडे सगळे शेजारी शेजारी चालवतात. कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही. बडबडतात नुसते, कंटाळा येतो कधी कधी. पण हाक मारली की थांबतात."

"आणि रविवारी?"

नेलेकेने खिडकीबाहेर पाहिलं. पलीकडे गावाचे तट दिसत होते, बुटके, गवताने झाकलेले, आणि मोठ्या पुलावरून ओळीने सायकली चालल्या होत्या.

"ते अजून ठरवलं नाही," ती म्हणाली.

बाहेर आले. पुलापर्यंतची वाट अजून वाऱ्याच्या तोंडावरची. आद्रियानने सायकल काढली, पण बसला नाही. दांडी धरून उभा राहिला. तिला कळेना तो कशाची वाट पाहतोय.

"तू पुढे हो," तो म्हणाला.

"मग मला गप्प बसावं लागेल."

"नको बसूस."

"तू ऐकत असलास की मला नाही जमायचं, आद्रियान."

"जमेल तेवढं बोल."

ती बसली, बटण दाबलं, निघाली. तो तिच्यामागे लागला, इतका जवळ की त्याचं चाक तिच्या चाकाला घासेल की काय असं वाटावं. मान पुढे काढून, कान देऊन. वारा होता, घुरघूर होती, पुलाखालून जाणाऱ्या होडीचा धक धक आवाज होता. नेलेके एक शब्दही बोलली नाही. पूल चढून झाला, उतरून झाला, तरी नाही. आद्रियानने पहिल्यांदा आयुष्यात वाऱ्याकडे काहीतरी मागितलं आणि वाऱ्याने काही दिलं नाही.

वेशीच्या अलीकडे रस्त्यावरच्या विटा उखडल्या होत्या. तिने मान किंचित वळवली.

"डावीकडे खड्डा आहे," ती म्हणाली.

त्याने ते ऐकलं आणि सायकल उजवीकडून घेतली.